स्वस्तातले तीन जपानी टीएलआर: दुरुस्ती-चाचणीच्या नोंदी, बेळगाव

७ जून

बाकावर तीन टीएलआर, म्हणजे ट्विन-लेन्स रिफ्लेक्स कॅमेरे: वरची लेन्स बघायची (व्ह्यूइंग), खालची फिल्मवर फोटो काढायची (टेकिंग). यशिका-डी, यशिका-मॅट १२४जी आणि रिकोफ्लेक्स सेव्हन. तिन्ही १२० फिल्मचे, ६×६ सेंमी, एका रोलवर १२ फोटो. पावसाळाभर दुरुस्ती करायची आणि नंतर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या हौशी मंडळींना आळीपाळीने वापरायला द्यायचे.

यशिका-डी १९५८ मध्ये बाजारात आला. ८० मिमी एफ/३.५ यशिकोर लेन्स, तीन काचांची. कोपल एमएक्सव्ही शटर, बी (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं) आणि १ सेकंद ते १/५००. मीटर नाही, बॅटरी नाही. फोकसचा आणि फिल्मचा असे दोन्ही नॉब उजव्या हाताला. १२४जी हा १९७० नंतरचा, चार काचांची यशिनॉन, क्रँकने फिल्म सरकते आणि त्याच फेऱ्यात शटर चढतं, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणली जाते. रिकोफ्लेक्स सगळ्यात साधा: पत्र्याची बॉडी, लाल खिडकीतून आकडे बघून फिल्म सरकवायची, आणि दोन्ही लेन्सच्या कडेला दाते, एक फिरवली की दुसरी फिरते.

मिनोल्टा ऑटोकॉर्ड मुद्दाम घेतला नाही. त्याची ७५ मिमी रोकोर या दर्जात सगळ्यात चांगली, याबद्दल वाद नाही. पण लेन्सखालची फोकसची दांडी ठिसूळ धातूची असते. आतलं ग्रीस आवळलं की लोक जोर लावतात आणि दांडी मोडते. दहा हातांत फिरणाऱ्या कॅमेऱ्यात ती जोखीम नको. मामिया सी२२०, सी३३० यांच्या लेन्स बदलता येतात, पण लेन्ससकट दीड किलोच्या आसपास वजन आणि किंमतही वरची.

घेताना काय तपासलं ते इथे लिहून ठेवतो, कारण पुढे हेच विचारलं जाणार:

मागचं दार उघडून शटर बी वर, ॲपर्चर पूर्ण उघडं, मागून मोबाईलचा टॉर्च. बुरशी जाळ्यासारखी दिसते. धूर दिसला तर तेलाची वाफ बसलेली असते, ती बहुधा पुसली जाते. टेकिंग लेन्सच्या मधोमध बुरशी असेल तर कॅमेरा नाकारायचा. व्ह्यूइंग लेन्समध्ये असेल तर किंमत पाडायची.

शटर १ सेकंदावर. अडकत असेल तर घाबरायचं कारण नाही, वाळलेलं तेल असतं. उलट "एकदम चालू आहे" म्हणून विकलेल्या कॅमेऱ्यात फक्त १/१२५ चाललेलं असतं, संथ वेग कोणी लावूनच पाहिलेले नसतात.

फोकस नॉब फिरवून लेन्सचं पॅनल पूर्ण बाहेर काढायचं आणि पॅनल ते बॉडी हे अंतर चारही कोपऱ्यांना व्हर्नियरने मोजायचं. दोन-तीन दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे कॅमेरा कधीतरी पडलाय. हे एकच दुखणं घरच्या बाकावर नीट होत नाही. लेदरेट (कृत्रिम चामडं) फाटलेलं, हुड (स्क्रीनवरचं उघडझाप होणारं झाकण) वाकलेला, नेमप्लेट खरवडलेली, या सगळ्याकडे काणाडोळा करावा. पैसे वाचतात ते तिथेच.

११ जून

यशिका-डी उघडला. हुड चार स्क्रूंवर बसतो. स्क्रू जुने आणि मऊ, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसणारंच हवं, नाहीतर डोकं खाल्लं जातं. निघत नसेल तर लायटर फ्लुइडचा थेंब टाकून अर्धा तास थांबायचं.

खाली फोकसिंग स्क्रीन. ती घासलेली बाजू खाली, म्हणजे आरशाकडे, असते. काढतानाच कोपऱ्यावर बारीक खूण केली. उलटी बसवली तर प्रतिमा दिसते, चमकतेसुद्धा, पण फोकस काचेच्या जाडीमुळे चुकतो आणि शोधत बसावं लागतं. स्क्रीन प्लास्टिकची असेल तर अल्कोहोल लावायचं नाही. कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचं लिक्विड, मग डिस्टिल्ड पाणी आणि हवेवर वाळवणं. कपड्याने पुसलं की रेषा उठतात.

आरसा कळाहीन. टीएलआरमधला आरसा पुढच्या पृष्ठभागावर कलई केलेला असतो, घरातल्या आरशासारखा काचेच्या मागे नाही. पेन्सिलचं टोक कोपऱ्याला टेकवलं की टोक आणि प्रतिबिंब यांत फट दिसत नाही, ही ओळख. अशा आरशावर कापूस फिरवला तर कलई निघून येते. ब्लोअरने धूळ उडवायची, बाकी हात लावायचा नाही. डीच्या आरशावर डाग आणि कडेने काळी किनार, बदलावाच लागेल.

१४ जून

आरशाचा शोध. भंगारातल्या स्कॅनर आणि झेरॉक्स मशीनमधले आरसे पुढून कलई केलेलेच असतात, पण पट्ट्या अरुंद, टीएलआरला पुरत नाहीत. शाळा-कॉलेजांनी भंगारात काढलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या डोक्यातला आरसा मोठा असतो आणि बऱ्याचदा याच जातीचा. असा एक मिळाला, पण जाडी ३ मिमी. जुना १.५ मिमी.

हा फरक किरकोळ वाटतो, तसा नाही. आरसा ४५ अंशांत पाठीवर टेकून बसतो. जाडी १.५ मिमीने वाढली तर पुढचा पृष्ठभाग तेवढा पुढे येतो आणि प्रकाशाचा मार्ग १.५ × १.४१ म्हणजे सुमारे २.१ मिमीने आखडतो. आता हे फोकसच्या हिशेबात बघा: ८० मिमीची लेन्स अनंतापासून (खूप लांबच्या वस्तूवरच्या फोकसपासून) ३ मीटरवर आणायला साधारण २.२ मिमी पुढे यावी लागते. म्हणजे जाड आरसा बसवला तर स्क्रीनवर ३ मीटरवरचा माणूस आखीवरेखीव दिसताना फिल्मवर फोकस भलतीकडेच असेल. व्ह्यूइंग लेन्स आट्यावर फिरवून एवढं अंतर भरून निघत नाही.

१.५ मिमीचा तुकडा मागवला. आरसा समलंब आकाराचा, वर रुंद खाली अरुंद. जुन्याचा कागदी साचा करून गणपत गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडून कापून घ्यायचा. सांगायचं एवढंच: कलईची बाजू खाली, मऊ फ्लॅनेलवर, कटर मागच्या काचेवर चालवायचा.

१९ जून

शटर. डीमध्ये १ सेकंद आणि १/२ अडकतात, १/१५ पासून वर ठीक वाटतं. संथ वेगांसाठी शटरमध्ये घड्याळासारखी दातेरी चक्रांची साखळी असते. तेल वाळून डिंक झालं की ती थांबते. वेगवान वेगांना ती साखळी फारशी लागत नाही, म्हणून ते चालतात.

टेकिंग लेन्सचा पुढचा भाग आट्यावर निघतो. पकडायला प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी रिड्यूसर, तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. दाबून फिरवलं की बहुतेक सुटतं. खाचा असलेल्या रिंगांसाठी दोन टोकांचा पान्हा लागतो. उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) पट्टीचा करून घेतला, टोकं १ मिमीपर्यंत घासलेली. बाजारात येणाऱ्या स्वस्त पान्ह्यांची टोकं जाड असतात, खाचेतून निसटतात आणि थेट काचेवर जातात.

वेगाची रिंग काढल्यावर चक्रं दिसतात. बारीक ब्रशच्या टोकाने लायटर फ्लुइडचा एक थेंब चक्रांवर, मग शटर १ सेकंदावर सारखं चालवत राहायचं, पुन्हा थेंब. शटर फ्लुइडमध्ये बुडवू नये. सुटलेला चिकटा शटरच्या पाकळ्यांवर पसरतो आणि वाळला की पाकळ्या एकमेकींना धरतात, मग आधी चालणारे वेगही बंद पडतात. पाकळ्यांना तेल कधीच नाही. चक्रांच्या खुंट्यांना घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने, दिसेल न दिसेल इतकं. हे तेल खडेबाजारातल्या जुन्या घड्याळवाल्यांकडे असतं, बाटली विकत घेण्यापेक्षा त्यांच्याकडेच दोन खुंट्यांना लावून घेतलेलं स्वस्त पडतं.

सेल्फ-टायमरची दांडी टेपने बांधून टाकली. या वयाच्या कोपलमध्ये ती मध्येच अडकली की शटरही अडकून बसतं. तिचा उपयोग त्या जोखमीच्या मानाने काहीच नाही.

२१ जून

वेग मोजले. मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ, मागून प्रकाश, शटर उघडं दिसणाऱ्या फ्रेम मोजायच्या. १ सेकंदाला २४०, १/८ ला ३०, १/३० ला ८, १/६० ला ४. याच्या पुढे ही पद्धत टाकाऊ: ४ फ्रेममध्ये एकीची चूक म्हणजे २५ टक्के. १/१२५ पासून वर फोटोडायोड साउंड कार्डाला जोडून आवाजाच्या तरंगासारखी रेषा बघितली.

चालणारी मर्यादा अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्मला तेवढं सहज खपतं. १/५०० वर बहुतेक जुनी लीफ (पाकळ्यांची) शटरं ३०० च्या आसपासच चालतात, हाही त्यातलाच. स्प्रिंग थकलेली असते. ती ताणायचा उद्योग करू नये. कॅमेऱ्यासोबतच्या कार्डावर "५०० = ३००" असं लिहून दिलं की प्रश्न मिटला.

डीबाबत एक नियम: १/५०० लावायचा असेल तर शटर चढवण्याआधी. या वेगाला जादा स्प्रिंग लागते, चढवलेल्या शटरवर रिंग जबरदस्तीने ५०० वर नेली तर आतलं काहीतरी वाकतं.

२६ जून

दिवसभर झड. १२४जीच्या व्ह्यूइंग लेन्समध्ये बुरशी, रिकोफ्लेक्सच्या टेकिंग लेन्समध्ये कडेला थोडी. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, वाटीत ताजं मिसळून, खिडकी उघडी ठेवून. ब्लीच त्याच्या आसपासही आणायचं नाही. इअरबडवर थोडं घेऊन मधून बाहेर फिरवायचं, मिनिटभर ठेवायचं, डिस्टिल्ड पाण्याने टिपायचं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते ९९ टक्क्यांचं मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं.

१२४जी स्वच्छ झाला. रिकोफ्लेक्सच्या काचेवर बुरशी गेल्यावरही मुळांची नक्षी राहिली: कोटिंग खाल्लंय, ते परत येत नाही. कडेला असल्याने एफ/८ वर त्याचा परिणाम शून्यात जमा. उन्हासमोर धरला तर धुरकट येईल.

रिकोफ्लेक्सच्या लेन्स काढण्याआधी दोन्ही दातेरी कडांवर समोरासमोर मार्करने रेघ मारली होती. परत बसवताना एक दात इकडेतिकडे झाला तर व्ह्यूइंग आणि टेकिंग यांची जोडीच तुटते. त्याचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. लायटर फ्लुइडने आटे धुऊन पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात दिला. जास्त ग्रीस म्हणजे उन्हाळ्यात ते वितळून शटरवर.

३ जुलै

आरसा आला, बसला. आता खरं काम.

टीएलआरमध्ये डोळा एका लेन्समधून बघतो आणि फिल्म दुसरीतून. दोघींचं जमत नसेल तर जगातली कुठलीही लेन्स घ्या, फोटो मऊच येणार. "यशिकोर मऊ आहे" ही तक्रार जितक्या वेळा ऐकू येते, तितक्या वेळा आधी हे जुळवलेलं होतं का, हे विचारावं. एफ/८ वर तीन काचांची यशिकोर आणि चार काचांची यशिनॉन यांतला फरक बारा इंची प्रिंटमध्ये शोधावा लागतो. जुळणी ०.३ मिमीने चुकली तर ३ मीटरवर लावलेला फोकस प्रत्यक्षात सुमारे २.६५ मीटरवर पडतो. चेहरा गेला आणि पुढचं टेबल आलं. हा फरक पासपोर्ट साइजमध्येही कळतो. म्हणून स्वस्त कॅमेऱ्यावर पैसा आणि वेळ घालायचाच असेल तर तो इथे घालावा.

क्रम असा. आधी टेकिंग लेन्स फिल्मच्या पातळीवर अनंताला आणायची. मग व्ह्यूइंग लेन्स तिच्याशी जुळवायची. उलटं केलं तर सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं.

फिल्मच्या पातळीसाठी घासलेली काच. फिल्म आतल्या दोन रुळांवर बसते, बाहेरच्या उंच रुळांवर प्रेशर प्लेट. काच आतल्या रुळांवरच टेकली पाहिजे. रुंदी ५८ ते ६० मिमी, म्हणजे बाहेरच्या रुळांमध्ये अडकत नाही. साधी २ मिमी काच ४०० नंबरच्या कार्बोरंडम पावडरीवर पाण्यात घासून घेतली. घासलेली बाजू लेन्सकडे. रुळांवर चिकटपट्टी ताणून लावायची एक सोपी युक्ती सांगितली जाते; पट्टी मध्ये झोळते आणि आपल्याला दशांश मिलिमीटर मोजायचाय, तेव्हा ती नको.

काचेवर पेन्सिलने दोन रेषा, फुलीसारख्या.

५ जुलै

दूरचं लक्ष्य म्हणून किलोमीटरभर लांबचा मोबाईल टॉवर ठरवला होता. ढग जमिनीला टेकलेत, टॉवर दिसत नाही. जुलैत बेळगावात अनंत सापडायची खात्री नसते. म्हणून बाकावरची पद्धत:

डिजिटल कॅमेऱ्याला १३५ मिमी लेन्स. ती खऱ्या अनंताला लावलेली हवी. नव्या लेन्सची रिंग अनंताच्या पुढेही जाते, त्यामुळे मागच्या एका उघडीपीत लांबच्या दिव्यांवर लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस केला होता आणि रिंगला टेप लावला होता. यशिकाचं शटर बी वर केबल रिलीजने कुलूपबंद, ॲपर्चर ३.५. मागे घासलेल्या काचेला ट्रेसिंग पेपर लावून एलईडीचा उजेड. डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स यशिकाच्या टेकिंग लेन्ससमोर, तोंडाला तोंड. काचेवरची फुली लाइव्ह व्ह्यूमध्ये स्पष्ट दिसली की यशिका अनंताला आहे. कारण अनंताला लावलेली लेन्स फक्त समांतर किरण जुळवते, आणि फुलीचे किरण यशिकाच्या लेन्समधून समांतर बाहेर पडतात ते ती अनंतावर असेल तरच.

डीमध्ये शटर आणि टेकिंग लेन्स पॅनलला घट्ट, आख्खं पॅनल पुढे-मागे होतं. नॉब हळू फिरवून फुली स्पष्ट केली तेव्हा चकतीवर अनंताची खूण जरा बाजूला होती. चकती सैल करून खूण जागेवर आणली. पॅनल हलू नये म्हणून बॉडी आणि पॅनल यांच्यामध्ये कागदाची घडी.

आता डिजिटल कॅमेरा वर सरकवून व्ह्यूइंग लेन्ससमोर. स्क्रीनवर घासलेल्या बाजूला पेन्सिलची फुली, वरून उजेड. इथे फुली पार विरघळलेली. व्ह्यूइंग लेन्स आट्यावर फिरते, तिला धरणारा बारीक स्क्रू किंवा लाखेचा ठिपका असतो, तो सोडवावा लागतो. आट्याचा पिच (एका फेऱ्यात लेन्स सरकते ते अंतर) ०.७५ मिमी धरला तर पाव फेरा म्हणजे ०.१९ मिमी. घड्याळाच्या काट्यावरच्या पाच मिनिटांइतकं फिरवायचं आणि बघायचं. एफ/२.८ किंवा ३.५ वर योग्य जागा अगदी अरुंद असते, दोन्ही बाजूंनी पार करून मध्ये यायचं. जागा सापडल्यावर स्क्रू, आणि वर नेलपॉलिशचा ठिपका. हेच नेलपॉलिश पुढच्या माणसाला सांगतं की इथे हात लागलेला आहे.

स्क्रीन जागेवर नीट दाबून बसलेली असतानाच हे करायचं. जरा उचललेली राहिली तर तिच्या चुकीची भरपाई लेन्समध्ये होते.

६ जुलै

१२४जी आणि रिकोफ्लेक्स त्याच पद्धतीने. १२४जी जवळपास बरोबरच होता. त्यात आधी मागच्या दारावरची प्रेशर प्लेट बघावी: ती १२० आणि २२० साठी सरकवता येते. २२० फिल्मला पाठीमागे कागद नसतो, म्हणून तिथे प्लेट जास्त जवळ बसते. १२० रोल तिच्यात घट्ट होतो आणि क्रँक जड जातो. २२० आता सहज मिळत नाही, प्लेट १२० वर करून दाराच्या आत तसं लिहून टाकलं.

१० जुलै

मीटर. १२४जीला पीएक्स६२५ ही १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती बंद झाली. त्याच आकाराची अल्कलाइन १.५ व्होल्टची. ती घातली तर काटा जास्त झुकतो, उजेड आहे त्याहून जास्त दाखवतो आणि फोटो अंडर (कमी उजेडाचे) येतात. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज उतरत जातो, त्यामुळे चूक रोज वेगळी.

श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची, शेवटपर्यंत जवळपास तेवढीच राहते. व्यास ११.६ मिमी, जागा साडेपंधराच्या आसपास. बाहेरून तेवढ्या मापाची रबरी ओ-रिंग घातली की मध्ये बसते. स्टिकर काढल्यापासून ती हवेने आपोआप उतरत जाते, वापरा किंवा न वापरा. हुड उघडला की मीटर चालू होतं, म्हणून हुड बंद ठेवायचा.

खरं सांगायचं तर मीटरचा उजेड मोजणारा सेल पन्नास वर्षांचा आहे. मोबाईलच्या मीटर ॲपशी ताडून बघितला, सावलीत बरा आणि उन्हात भरकटलेला. कार्डावर लिहिलंय: मीटर सुचवणीपुरतं.

१३ जुलै

लाइट सील, म्हणजे दाराच्या फटीतून उजेड आत येऊ नये म्हणून लावलेलं अस्तर. दाराच्या खाचेतला स्पंज डांबर झालेला. बांबूच्या काडीने खरवडून आयसोप्रोपिलने पुसला. खाच अरुंद तिथे काळी लोकर, बिजागरीपाशी १.५ मिमी फोम. जाड फोम घातला की दार नीट लागत नाही आणि कोयंडा ओढून ओढून वाकतो.

२७ जुलै

उघडीप. चाचणीचे रोल, आयएसओ ४००, तिन्हीत. रिकोफ्लेक्सच्या शटरची वरची मर्यादा १/१००, म्हणून खरं तर त्याला आयएसओ १०० हवा. आज ढग आहेत म्हणून चाललं.

प्रत्येक रोलवर त्याच क्रमाने फोटो घ्यायचे. २ मीटरवर ४५ अंशांत ठेवलेली मोजपट्टी, एफ/३.५, एका ठरलेल्या आकड्यावर फोकस. मग १ मीटरवर तीच. विटांची भिंत, समांतर, ३.५ आणि ८ वर: कडा सारख्या दिसतात का. लांबचं झाड किंवा टॉवर ३.५ वर. उरलेले हवे तसे.

फिल्म भरताना जिथे चुकतं ते:

डी आणि १२४जीत कागदावरचा बाण आतल्या खुणांशी जुळवूनच दार लावायचं. बाण पुढे गेला तर शेवटची फ्रेम कापली जाते. रिकोफ्लेक्सला खूण नाही, लाल खिडकीत १ दिसेपर्यंत फिरवायचं, आणि नंतर खिडकी झाकायची. आयएसओ ४०० वर लाल काच पुरेशी नाही. रोल सुरू करताना अंगठ्याने कागद दाबून ताण ठेवायचा. सैल गुंडाळला गेलेला रोल बाहेर काढताना कडांतून उजेड खातो.

डीमध्ये फिल्म न सरकवताही शटर चढतं आणि उडतं. एकावर एक दोन फोटो ही या मॉडेलची नेहमीची गोष्ट. एकच सवय लावायची: फोटो काढला की लगेच, नॉबच्या मधलं बटण दाबून, फिल्म पुढे. १२४जीत क्रँक ही काळजी घेतो.

२८ जुलै

डेव्हलप. एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म, डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक. २० अंशांना ११ मिनिटं, पण नळाचं पाणी २४ अंशांवर आहे आणि बर्फ घालून ते ११ मिनिटं खाली धरून ठेवणं कटकटीचं; २४ अंशांना साधारण ८ मिनिटं. १२० च्या एका रोलला टाकीत ५०० मिली द्रावण. पहिली ३० सेकंद सलग हलवणं, मग दर मिनिटाला १० सेकंद. रॅपिड फिक्सर १+४, पाच मिनिटं. धुण्याला बोअरचं पाणी चालतं, शेवटचं बुडवणं मात्र डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे दोन थेंब टाकून; नाहीतर क्षारांचे ठिपके वाळतात आणि स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपका दिसतो.

निकाल. डी: मोजपट्टीवर लावलेला आकडा आणि स्पष्ट आलेला आकडा एकच, दोन्ही अंतरांवर. कडा ३.५ वर मऊ, ८ वर नीट. १२४जी: तेच, कडा ३.५ वरही बऱ्या. रिकोफ्लेक्स: २ मीटरवर फोकस किंचित पुढे, म्हणजे कॅमेऱ्याकडे. अनंत बरोबर आणि जवळचं चुकतंय, म्हणजे जुळणी अनंतावर ठीक पण दोन लेन्सची चाल सारखी नाही; दात झिजलेत. यावर उपाय नाही. हा कॅमेरा एफ/८ च्या खाली उघडायचा नाही, एवढंच कार्डावर.

डीच्या दोन फ्रेममध्ये उजवीकडून उजेडाची धग. बिजागरीच्या कोपऱ्यात फोम ३ मिमी आखूड पडलाय. बदलला.

९ ऑगस्ट

किल्ल्यातली कमल बस्ती, डीची अंधाऱ्या जागेतली चाचणी. १२०४ चं हे जैन मंदिर. छतावरचं दगडी कमळ हे खरं लक्ष्य. संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते. टीएलआरला इथे त्याची गरज नाही: कॅमेरा पाठीवर, जमिनीवर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवायचा, लेन्स छताकडे. स्क्रीन मग उभी होते आणि बाजूला बसून भिंगातून बघता येते. डोळ्याला लावायच्या कॅमेऱ्याने हेच करायचं तर आडवं पडावं लागलं असतं.

स्क्रीनवर प्रतिमा डावी-उजवी उलटी दिसते, कमळाचा मध्य चौकटीत आणताना कॅमेरा डावीकडे हवा की उजवीकडे यात प्रत्येकाचा गोंधळ होतो. त्यासाठी टॉवेल सरकवायचा, कॅमेरा नाही. कोन बदलत नाही.

मोजणीत एफ/८ ला ४ सेकंद आले. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म आळसावते: एचपी५ प्लसला मोजलेल्या वेळेचा १.३१ हा घात घ्यायचा, म्हणजे ४ चे ६ सेकंद, ८ चे १५. बी वर केबल रिलीज, मोबाईलवर सेकंद. ६ आणि १५ दोन्ही काढले. ६ ची निगेटिव्ह पाकळ्यांच्या कडांपर्यंत बरोबर, १५ मध्ये दाराकडचा उजेड वाहून गेलाय.

जवळच्या फोटोंसाठी वेगळी गोष्ट: डोळ्याची लेन्स वर, फिल्मची चार-साडेचार सेंमी खाली. १ मीटरवर चौकट साधारण ६४ सेंमीची असते, तेव्हा चौकट सातेक टक्के खाली घसरते आणि डोक्यावरची जागा कापली जाते. डीमध्ये याची भरपाई करणारं काही नाही. ट्रायपॉडवर असेल तर चौकट ठरवून मधला दांडा साडेचार सेंमी वर करायचा. हातात असेल तर वर थोडी जास्त जागा सोडायची.

१६ ऑगस्ट

डी आणि रिकोफ्लेक्स द्यायला तयार. प्रत्येकाबरोबर झाकण घट्ट लागणारा प्लास्टिकचा डबा, १०० ग्रॅम निळी सिलिका जेल. गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परत निळी करायची. चामड्याच्या मूळ केसमध्ये ठेवायचं नाही. चामडं ओलावा धरतं आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. केस वेगळी, डब्याच्या बाहेर.

पहिला डी निपाणीला जातोय. १२४जी सप्टेंबरपर्यंत इथेच, फोकस नॉब अजून जरा जड आहे आणि ग्रीस बदलायचं राहिलंय.